बोटभर फट

मास्टर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी खिडकीकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे पाहत होते. मी "बसा" म्हटलं, तर एका खुर्चीवर टेकले, उठले, दुसऱ्या खुर्चीवर टेकले, मग दिवाणाच्या काठावर, आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. चारही ठिकाणांहून घर बघून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"सर, घरात तुमी लपता कोठी?"

"लपतो म्हणजे?"

"माणूस आपल्या घरात कोठी ना कोठी लपतेच जी. ती जागा सांगा, मंग खिडकी मोजतो."

बायको आतून म्हणाली, "ते पेपरामागं लपतात." मास्टरांनी खिशातली वही काढली आणि ते लिहून घेतलं.

तुमसरात राइस मिलच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. रस्ताभर भुशाची बारीक पूड उडायची आणि मास्टरांच्या भुवयांवर बसायची, त्यामुळे ते आहेत त्याहून म्हातारे दिसत. पाटीवर नाव नव्हतं. "पडदे शिवून मिळतील. आधी बोलावे लागेल," एवढंच लिहिलेलं. मी तिथल्याच ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायचो, म्हणून गाव मला सर म्हणे. शिंप्याला मास्टर म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्या दोघांत शिकवण्याचं काम प्रत्यक्षात कोण करत होतं, याविषयी मला पुढे शंका येऊ लागली.

गिऱ्हाईक दुकानात आलं आणि "चार बाय सहाचे दोन" म्हणालं की मास्टर त्याला कापड दाखवतच नसत. ते त्याच्या घरी जात. एकदा सकाळी, एकदा दुपारी आणि एकदा दिवे लागताना. त्यांच्या पिशवीत जुन्या धोतराचा एक तुकडा आणि चार चिमटे असत. तो तुकडा खिडकीला लावून ते खोलीभर फिरत, जमिनीवर उताणे पडत, पुन्हा उठून चिमटे हलवत. मग प्रश्न. सगळ्यात आधी कोण उठते? कोणाले कोणाचं तोंड सकाळी पाहायचं नसते? मोटारसायकल वळली का तिचा लाइट कोणाच्या डोळ्यावर येते? सासू-सुनेला ते हे वेगवेगळं विचारत. पडदे घ्यायला निघालेला माणूस कबुलीजबाब देऊन परतायचा. निम्मी गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे जात. राहिलेल्या निम्म्यांना पडदे मिळायला दोन-दोन महिने लागत, कारण मास्टरांना बसता येत नसे.

हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. शिलाई मशीनवर ते नाइलाजाने टेकत, हातभर शिवण झाली की उठून दारापर्यंत जाऊन येत. दुकानात दुसरी खुर्ची नव्हती. चहा उभ्याने घेत आणि अर्धा ठेवत. गळ्यातला टेप बोटाला गुंडाळणं आणि सोडणं सतत चालू. त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की आपल्याच पायांना मुंग्या येत.

ते मूळचे लाखांदूरकडचे. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत होते. "नट होता का?" असं विचारलं की त्यांना राग येई. ते पडदा ओढत. रात्रभर विंगेत दोरी धरून उभं राहायचं. "बसलं का डोळा लागते, सर. डोळा लागला का पडदा चुकते. एकदा राजा मरायचाच होता आन म्या पडदा सोडला. पब्लिकनं राजाले नाही, मले शिव्या देल्ल्या." तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते, असं ते सांगत. मला ते तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

त्यांच्या हातून मोठ्या माणसाची फजिती मी एकदाच पाहिली, आणि तीही त्यांनी मुद्दाम केली नव्हती. जवळच्या एका गावात सभागृहाचं उद्घाटन होतं. कोनशिलेवर टाकायला मखमली पडदा पाहिजे होता. नेत्याने दोरी ओढायची आणि टाळ्या पडायच्या, एवढाच त्याचा संसार. मास्टरांनी संयोजकाला विचारलं, "याच्या मागं कोण राहते?" संयोजक म्हणाला, "दगड राहते. तू शिव." मास्टरांनी शिवला. पण पडदा बाजूला सरकण्याऐवजी खालून वर गुंडाळत जाईल असा शिवला. नेत्याने दोरी ओढली. आधी गवंड्याचं नाव दिसलं. मग ठेकेदार, मग ग्रामसेवक, मग सदस्य, प्रत्येकाला वेगळ्या टाळ्या. नेत्याचं नाव सगळ्यात वर होतं, आणि तिथे येण्याआधीच दोरी अडकली. फोटोग्राफर वाट बघत राहिला. नंतर मी विचारलं तर मास्टर गोंधळून म्हणाले, "पण वाचायला खालूनच सोपं होतं ना जी? ज्यानं बांधलं त्याचं नाव आधी." गवंड्याने मात्र तो फोटो मागून घेतला.

मी ही गोष्ट फार ठिकाणी रंगवून सांगितली. दुसऱ्याचा थाट कोसळताना बघायला मला आवडतं. माझाही एक थाट आहे, हे मला चिखला नावाच्या खाणीच्या गावात कळलं.

आमच्या कॉलेजात चिखल्याहून शीतल नावाची मुलगी येई. अकरावीत पहिली. बारावीत दिवाळीनंतरच्या चाचणीत ती एकदम मागे गेली. तिच्या वहीची पानं काळपट झालेली दिसली म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ओट्यावर बसून लिवतो सर. ट्रकची धूळ उडते." वडील मॅंगनीजच्या खाणीत, जमिनीखालच्या कामाला. ज्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी असे, त्या आठवड्यात ते दिवसा झोपत. घर म्हणजे कॉलनीतली एक खोली आणि मागे स्वयंपाकाची पडवी. उजेडात त्यांना झोप येईना. खिडक्या लावून घेतल्या की हिला दिसेना. ते डोळ्यांवर दुपट्टा बांधून तळमळत, ही बाहेर धूळ खात अभ्यास करी. "बाबाची झोप नाही झाली तं खाली काम करताना धोका असते सर," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, हिशेब समजावून सांगावा तशी.

परोपकाराची हुक्की वाईट. मी त्याच संध्याकाळी मास्टरांकडे गेलो आणि चिखल्याचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. खर्च माझा, म्हणून मान माझा, असं काहीतरी माझ्या मनात असणार.

मास्टर चिखल्यात पूर्ण दिवस राहिले. खोलीला दोन खिडक्या होत्या. एकीखाली वडिलांची बाज, दुसरीपाशी शीतलचं टेबल. भिंतीवर बुद्धाची तसबीर. मास्टरांनी आईला सगळं विचारलं, शीतलला विचारलं, शेजारणीलाही विचारलं. वडील भिंतीकडे तोंड करून झोपले होते. त्यांना विचारायचं राहिलं. झोपच वाचवायची होती, तर ती मोडायची कशी? ते उठले तेव्हा मास्टरांची एस्टी यायची वेळ झाली होती.

पडदा पंधरा दिवसांत तयार झाला. मास्टरांच्या मानाने हे वादळच. बाजेभोवती दोन बाजूंनी, छतापासून फरशीपर्यंत. बाहेरून निळा, मध्ये काळं जाड कापड, आतून पांढरं अस्तर. खालच्या दुमडीत लोखंडी साखळी शिवलेली, नाटकाच्या पडद्याला असते तशी, म्हणजे वाऱ्याने हलायला नको. बाजेवरची खिडकी त्याच कापडाने बंद. लावायला मीही गेलो होतो.

"सर, आत जा."

मी आत गेलो. मागून पडदा ओढला गेला. स्वतःचं बोट डोळ्यांसमोर धरलं, दिसलं नाही.

"दिसते काय काही?" बाहेरून आवाज आला.

"नाही."

"बास!" मास्टरांनी मांडीवर थाप मारल्याचं ऐकू आलं. "रात्र शिवली, सर. पुरी रात्र."

बाहेर आलो तर शीतल तिच्या टेबलाशी, लख्ख उजेडात बसली होती. तिच्या आईने आम्हाला पोहे दिले. परतताना मोटारसायकलवर मी गाणं गुणगुणत होतो, असं मास्टरांनी नंतर सांगितलं.

पुढच्या शनिवारी सकाळीच कॉलेज सुटलं तेव्हा शीतल वर्गाबाहेर थांबली होती. म्हणाली, "सर, पडदा काढून ठेवला." एवढंच. बाकीचं मी तिच्याकडून ओढून काढलं.

गुरुवारी दुपारी ती कॉलेजात होती आणि आई बाजाराला गेली होती. शेजारणीला सामाईक भिंतीतून आवाज ऐकू आला. ठक, ठक, ठक. मग थांबून पुन्हा तीनदा. तिला वाटलं कोणी खिळा ठोकतंय. पण खिळा इतका वेळ चालत नाही, आणि इतक्या सारख्या अंतराने तर नाहीच. ती आली, हाका मारल्या, पडदा ओढला. शीतलचे वडील भिंतीशी गुडघ्यांवर बसले होते. उजव्या हातात स्टीलचा पेला, त्याने ते भिंत ठोकत होते, छत कोसळून अडकलेले खाणकामगार ठोकतात तसे. डावा हात कपाळावर, जिथे टोपीचा दिवा असतो तिथे. उजेड आत आला तसे त्यांनी वळून शेजारणीकडे पाहिलं आणि विचारलं,

"किती जण हावो आपण?"

त्या संध्याकाळी कॉलनी हसली. मग हसणं थांबलं. कारण ते पाळीला गेले, दिवा घेतला, खाली नेणाऱ्या पिंजऱ्यापाशी रांगेत उभे राहिले, आणि त्यांचा नंबर आला तेव्हा वळून घरी आले. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेब भला होता. सोमवारपर्यंत रजा घे म्हणाला, आणि नाहीच जमलं तर वरचं काम देऊ म्हणाला. पण अकरा वर्षं खाली उतरलेला माणूस वरच्या कामाला लागला की कॉलनीत लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागतात. शीतलच्या वडिलांना हे ठाऊक होतं. आणि झोप तर दिवसाचीही गेली होती, रात्रीचीही.

मी तसाच दुकानात गेलो. मास्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मशीनवरून उठले, दारापर्यंत गेले, आले, गेले, आले. टेप बोटाला इतका आवळला की बोट पांढरं पडलं.

"म्या त्याले विचारलंच नाही," ते म्हणाले. "सगळ्यायले विचारलं. ज्याच्यासाठी होता त्याले नाही विचारलं."

दुकान बंद करून आम्ही निघालो. मागच्या सीटवरही ते इतके हलत होते की दोनदा गाडी डगमगली.

शीतलचे वडील ओट्यावर उन्हात बसले होते. थंडीचे दिवस होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. "जय भीम सर," म्हणाले, आणि मग मास्टरांकडे बघून, "या मास्टर. तुमी तं फुकटात खाण खंदली ना माया घरात."

मास्टर हसले नाहीत. "मले विचारायचं राह्यलं होतं. आता विचारतो. खाली अंधारात तुमाले कसं वाटते?"

"खाली अंधार नसते जी."

"नसते?"

"लोकायले वाटते असते. डोक्यावर दिवा असते. आन मागं, पिंजऱ्यापाशी, एक बत्ती असते. काम करताना तिकडं आपली पाठ असते, पाहत नाही कोणी. पण मालूम असते का मागं बत्ती हाये. तेवढं मालूम पाह्यजे, बास." त्यांनी पायाजवळचा खडा उचलून दूर फेकला. "इथी डोळा उघडला तं काहीच नोहतं. कपाळाले हात लावला, दिवा नाही. मंग मले वाटलं..."

शीतल दारात उभी होती, ती आत गेली.

"काढून टाकतो पडदा," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मीच—"

"काढाले कायले पाह्यजे?" ते माझ्यावरच उखडले. "पोट्टीले जागा झाली होती ना अभ्यासाची. चार दिवस कशी मस्त बसली होती टेबलापाशी."

मास्टर तोवर आत गेले होते. पेटीवर घडी करून ठेवलेला पडदा त्यांनी पुन्हा दांडीवर चढवला. बाहेर येऊन विचारलं, "कोणत्या कुशीवर निजता?"

"डाव्या. भितीकडं तोंड."

मास्टर बाजेवर डाव्या कुशीवर झोपले. आतून सूचना येऊ लागल्या. शीतलने टेबलाशी उभं राहून पडद्यावर हात ठेवायचा, वर, अजून वर, थोडा खिडकीकडे. मग बाहेर येऊन त्यांनी तिथे खडूची खूण केली आणि कात्री काढली.

"मास्टर, दुसरं कापड आणू," मी म्हणालो. तो पडदा शिवायला काय लागलं होतं ते मला माहीत होतं. पंधरा दिवस तो माणूस मशीनवर बसला होता.

"थांबा सर."

त्यांनी तिन्ही थरांतून कात्री घातली. बोटभर रुंद, वीतभर उंच. काळ्या कापडाचे धागे लोंबू लागले. शीतलच्या खिडकीतला उजेड त्या फटीतून आत गेला आणि बाजेपलीकडच्या भिंतीवर, झोपणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा जागी, एक उभी रेघ पडली.

"निजा," मास्टर म्हणाले. "मी इथीच हाओ."

शीतलचे वडील फटीकडे बघत राहिले. मग चप्पल काढून आत गेले. मास्टरांनी पडदा ओढला, शीतलची खुर्ची त्याला लावून घेतली आणि बसले.

मी वाट बघत होतो की आता उठतील, मग उठतील. ते उठले नाहीत. टेप गळ्यात तसाच लोंबत होता. शीतल ओट्यावर न जाता जमिनीवर वही घेऊन बसली. मी तिचं अर्थशास्त्राचं पुस्तक चाळू लागलो आणि एकही ओळ वाचली नाही. उठून दारापर्यंत गेलो, आलो, पुन्हा गेलो. शीतलच्या आईने चहा आणला. मास्टरांनी तो पूर्ण प्यायला.

आत बाज करकरली. "मास्टर, हाव का?"

"हाओ."

बऱ्याच वेळाने पुन्हा, "हाव का?"

"हाओ जी. निजा तुमी."

तिसऱ्यांदा आवाज आला नाही. थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं. शीतलच्या आईने पदर तोंडाला लावला आणि पडवीत निघून गेली. मास्टर हलले नाहीत. दुपार उतरत गेली, ट्रक जात राहिले, आणि मला माझे पाय कुठे ठेवावेत ते कळेना.

मग आतून, झोपेने जड झालेला, पण अगदी रोजचा आवाज आला.

"शीतल, रेघ कोपऱ्यात गेली. तीन वाजले असन. चहा टाक."

मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

सोमवारी शीतलचे वडील खाणीत उतरले. मंगळवारी शीतल वर्गाबाहेर थांबली आणि "गेले सर" एवढं सांगून बाकावर जाऊन बसली. त्या तीन दिवसांत मास्टर रोज चिखल्याला जाऊन त्या खुर्चीत बसून आले होते, हे मला तिने नव्हे, एस्टीच्या कंडक्टरने सांगितलं.

चिखल्याहून परततानाच मी त्यांना विचारलं होतं, तीन तास बसलात कसे? ते मागच्या सीटवर पुन्हा चुळबुळत होते. म्हणाले, "नाटकात पडदा पडला का पब्लिक उठून जाते, सर. दोरीवाल्याले जाता येत नाही. आत माणूस असते ना."

त्यानंतर त्यांनी शिवलेल्या प्रत्येक पडद्यात कुठेतरी बोटभर फट असे, कडा नीट दुमडून शिवलेली. लोक भडकत. "कापड कमी पडलं काय गा मास्टर?" मास्टर कोणाला काही सांगत नसत. "राहू द्या, कामी येते," म्हणत आणि निघून जात. मग मोबाइलवर बोट ठेवलं की तयार पडदे घरी येऊ लागले. त्यांना फट नव्हती आणि ते प्रश्नही विचारत नव्हते. मास्टरांनी दुकान उठवलं आणि मुलीकडे लाखांदूरला गेले. तिथेच वारले, त्याला दोन वर्षं झाली. शेवटी अंथरुणावर होते आणि त्यांना उठता येत नव्हतं, असं कळलं. ते ऐकून मला बातमीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

आमचे पडदे त्यांनी चिखल्यानंतर सव्वा महिन्याने आणून लावले. पेपरामागे लपायची माझी जागा त्यांनी बरोबर झाकली आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला मी घरात नाही असंच वाटतं. झोपायच्या खोलीतल्या पडद्याला मात्र फट आहे. बायको आजही म्हणते, दोन टाके घालून बंद करते. खिडकी पूर्वेची. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला तो उजेड थेट माझ्या डोळ्यांवर येतो. मला साडेपाचला उठायचं नसतं, मी खाणीत कामाला नाही, माझ्या पाठीमागे कुठलीही बत्ती असायची गरज नाही. मी मास्टरांना एक शिवी देतो आणि कूस बदलतो. बदलायच्या आधी भिंतीवरची रेघ तेवढी एकदा बघून घेतो.